सँटा खरा असतो का?

नाताळच्या रात्री तुमच्या घरी सँटासाठी दूध आणि कुकी ठेवतात का? सकाळी बघावं तर कुकी अर्धी खाल्लेली! कोणी खाल्ली?

दोन वर्षांचं बाळ सँटाची दाढी बघून कधीकधी रडतंही. गोष्ट त्याला अजून कळत नाही. तीन-चार वर्षांचं मूल मात्र सगळं खरं मानतं. सात-आठ वर्षांची मुलं हिशोब करायला लागतात. सँटा एका रात्रीत इतक्या घरी कसा जातो? चिठ्ठीतलं अक्षर बाबांसारखं कसं?

१८९७ साली न्यूयॉर्कच्या आठ वर्षांच्या व्हर्जिनियाने ‘द सन’ या वर्तमानपत्राला पत्र लिहून हेच विचारलं. उत्तर अग्रलेखात छापून आलं : जसं प्रेम असतं, तसाच सँटाही असतो.

खरं कळलं की काही मुलांना रागही येतो. ‘आईबाबा खोटं बोलले!’ तुम्हालाही आला असेल. पण धाकट्या भावंडाला लगेच सांगू नका हं. त्याचं त्याला कळू दे. आता हे गुपित तुम्हीही सांभाळायचं. यंदा कुकीचा घास तुम्ही घ्या!

शब्दार्थ
अग्रलेख : वर्तमानपत्राने स्वतःचं मत सांगणारा लेख
गुपित : कोणाला न सांगायची गोष्ट