मधमाशीच्या वेषांतील माशी

पावसाळा सरतां सरतां माळावरच्या बोरी फुलूं लागतात. फुलें बारीक, हिरवट-पिंवळीं, वासाला उग्र. कौतुकानें कोणी केसांत माळावीं अशीं नव्हेत. पण त्यांतील मध उघडाच असल्यामुळें मधमाश्या, गांधीलमाश्या, मुंग्या यांची तेथें दाटी होते. मुलांना घेऊन अर्धा तास अशा झुडपापाशीं बसावें. एखादे वेळीं तांदळाच्या दाण्याएवढा, लोंवदार जीव हवेंत एके जागीं स्थिर राहिलेला दिसतो. मुलें "मधमाशी!" म्हणून मागें सरतात. मीही पुष्कळ वर्षें तेंच म्हणत होतों.

वास्तविक ही माशी. इंग्रजींत हिला बी-फ्लाय म्हणतात. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. पण मधमाशीच्या एका बाजूचे दोन पंख बारीक आंकड्यांनीं एकमेकांत अडकलेले असल्यानें मोजणारा हमखास फसतो. त्यापेक्षां मिशा पाहाव्या. मधमाशीच्या मिशा कोपरासारख्या वांकलेल्या, हिच्या अगदीं आंखूड. मागच्या पायांवर परागांची गोळी नाहीं, आणि नांगी तर नाहींच. ह्यांतील गेरॉन नांवाचा गट फार लहान. पाठ कुबड आल्यासारखी, पोट टोंकाकडे निमुळतें. ग्रीक भाषेंत गेरॉन म्हणजे म्हातारा. मायगेन ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८२० सालीं हें नांव दिलें.

ह्या कुलांतील कित्येक माश्या दिसतात तितक्या गरीब नसतात. मादी पोटाच्या टोंकाशीं असलेल्या पोकळींत धूळ भरून घेते, जमिनींत घर करणाऱ्या रानमाश्यांच्या बिळावर तरंगत राहाते आणि धुळींत घोळलेलें अंडें वरूनच आंत भिरकावते. त्यांतून निघालेली अळी यजमानिणीचीं पिलें खाऊन वाढते. वेष मधमाशीचा, आणि संसार मोडावयाचा तोही माश्यांचाच!

इतकें कळल्यावर मुलें जातीचें नांव विचारतात. तेथें मात्र थांबावें लागतें. ब्रुनेट्टी ह्यांनीं १९२० सालीं भारतांतील माश्यांवर जो खंड लिहिला त्यांत हें कुल आहे. गृहस्थ पेशानें संगीतकार, पण पंखांवरील एकेक शीर त्यांनीं तपासली आहे. तेवढें बारकाईचें काम उडत्या माशीवर किंवा छायाचित्रावर बहुधा होत नाहीं. माझ्या वहींत आतां "बोरीवर, बी-फ्लाय, बहुधा गेरॉन" एवढीच नोंद असते. एका जुन्या पानावर उत्साहाच्या भरांत लिहिलेलें जातीचें पुरें नांव आहे. तें मीं खोडलें. पान मात्र मुलांना दिसावें म्हणून तसेंच ठेवलें आहे.