गेमच्या डब्यातली जागा

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा अख्खा गेम ४० किलोबाइटचा आहे. त्यातले ३२ केबी खेळाच्या सूचनांना, ८ केबी चित्रांना. एवढ्यात ३२ टप्पे, जमिनीखालचे बोगदे, पाण्यातले मासे, किल्ल्यातला राक्षस आणि कुणालाही गुणगुणता येईल असं संगीत बसवलं आहे. यंदा दिवाळीत तुमच्या मोबाइलवर शुभेच्छांचं जे पहिलं चित्र येईल, ते एकटंच याहून मोठं असेल.

एवढ्याशा जागेत हे कसं मावलं ते पाहायचं असेल, तर त्या गेममधला ढग आणि जमिनीवरचं झुडूप शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकच चित्र आहे. वर टाकलं तर पांढरं, खाली टाकलं तर हिरवं. ज्या यंत्रावर तो खेळ चालायचा, त्याची काम करायची मेमरी २ केबी होती. गेम बनवणाऱ्या लोकांनी एकेक बाइट जपून खर्चला आहे आणि माझ्या मते गेमच्या दुनियेत त्याहून देखणी कारागिरी पुढे फारशी झाली नाही.

आता दुसरं टोक बघा. प्लेस्टेशन ५ मध्ये पहिल्यांदा आलेली साठवण ८२५ जीबी. मारिओसारखे दोन कोटी गेम तिच्यात मावतील. तरीही धाराशिव, कळंब, उमरग्यात ज्यांच्या घरी हे यंत्र आहे, त्यांची तक्रार एकच: जागा पुरत नाही. त्या ८२५ मधले ६६७ जीबीच हाताला लागतात, बाकीची जागा यंत्राची स्वतःची प्रणाली अडवून बसते. एकेक मोठा गेम १०० जीबीच्या पुढे गेलाय. सहा गेम टाकले की सातव्यासाठी कुणाला तरी बाहेर काढायचं.

मधला इतिहास थोडक्यात उरकतो. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ साली आला. सोनीचं प्लेस्टेशन १९९४ चं, प्लेस्टेशन २ सन २००० चं. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० भारतात २००६ मध्ये आणला, तेव्हा अक्षय कुमार आणि युवराज सिंग त्याच्या जाहिरातीत होते. प्लेस्टेशन ४ आपल्याकडे जानेवारी २०१४ मध्ये ३९,९९० रुपयांना आलं आणि प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा भारतीय कथेचा गेम थेट कन्सोलवर आणला, हेही नोंदवायला हवं. बाकी तपशील कुठेही मिळतो. मला ज्याचं वेड आहे तो विषय वेगळा: यंत्र काय लक्षात ठेवतं, कशावर ठेवतं आणि लाईट गेल्यावर त्याचं काय होतं.

हा प्रश्न आमच्या धाराशिव जिल्ह्यात पुस्तकी नव्हता. नव्वदच्या दशकात सोलापूरहून जे ‘टीव्ही गेम’ आमच्याकडे यायचे, ते जवळजवळ सगळे फॅमिकॉमच्या नकलाच. पिवळी कॅसेट, वर छापलेलं ‘९९९९९९ इन १’. आत खरे गेम मोजकेच. तेच वेगळ्या टप्प्यापासून किंवा वेगळ्या रंगात सुरू करून यादी लांबवलेली. त्या कॅसेटमध्ये काहीही साठवायची सोय नव्हती. मारिओ सातव्या दुनियेत पोचला आणि जेवायला हाक आली, तर गेम थांबवून टीव्ही बंद करायचा आणि डबा तसाच चालू ठेवायचा. मग सगळी भिस्त विजेवर. दोन हजारच्या दशकाच्या मध्यात महाराष्ट्रभर लोडशेडिंगचा कहर होता आणि मराठवाड्यातल्या खेड्यांनी तो फार सोसला. लाईट गेली की सातवी दुनिया गेली. वेळापत्रक भिंतीवर लावलेलं असायचं आणि आम्ही पोरं खेळायला बसायची वेळ त्यावरून ठरवायचो. ‘कॉन्ट्रा’ गेममधली तीस जिवांची युक्ती गावोगाव पाठ असायचं एक कारण हेच असावं असं मला वाटतं. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं. वेळ कमी, म्हणून जीव जास्त हवेत.

यावर उपाय जपानने त्याआधीच काढला होता. ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ची कॅसेट १९८७ मध्ये अमेरिकेत आली, तिच्या पोटात घड्याळात असतो तसला नाण्याएवढा सेल होता. वीज नसली तरी तो सेल छोट्या मेमरीला जिवंत ठेवायचा आणि खेळ जिथे सोडला तिथून पुढे चालायचा. पण मला सगळ्यांत आवडते ती १९८६ ची फॅमिकॉम डिस्क सिस्टिम. त्यात गेम चकतीवर यायचा आणि जपानमधल्या खेळण्यांच्या दुकानांत निन्टेन्डोची यंत्रं ठेवलेली असायची. आपली जुनी चकती न्यायची, ५०० येन द्यायचे, दुकानदार जुना गेम पुसून नवा भरून द्यायचा. ही सेवा २००३ पर्यंत चालू होती. इंटरनेट घरोघरी नसताना साठवणीचा आणि नव्या गेमचा प्रश्न त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानात सोडवला. असं एखादं यंत्र आज धाराशिवच्या बसस्थानकासमोर असतं, तर जिल्ह्यातल्या निम्म्या कन्सोलधारकांचे हाल वाचले असते, असं मी मनापासून म्हणतो.

मग मेमरी कार्ड आलं. पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड १२८ केबीचं, वापरायला १५ खाने. प्लेस्टेशन २ चं कार्ड ८ एमबीचं. आमच्याकडे प्लेस्टेशन २ चा जो जमाना आला, त्यात ‘क्रिकेट २००७’ आणि ‘सॅन अँड्रियास’ या दोन गेमनी गल्ल्या भरल्या. तालुक्याच्या गेम पार्लरमध्ये तासावर खेळायला येणारी पोरं शर्टाच्या खिशात स्वतःचं कार्ड घेऊन यायची. डबा दुसऱ्याचा, डीव्हीडी दुसऱ्याची, पण खेळ आपला. सोलापूरच्या नवी पेठेत मी एका दुरुस्तीवाल्याकडे बऱ्याचदा जाऊन बसतो. त्याच्या खणात अशा काळ्या कार्डांचा ढीग आहे, प्रत्येकावर बॉलपेनने कुणाचं तरी नाव. मालक कुठे गेले ठाऊक नाही, पण त्यातली बरीच कार्डं लावली की आजही चालतात.

हार्ड डिस्क आली आणि गणित बदललं. प्लेस्टेशन ३ पासून गेम डिस्कवरून थेट चालायच्या ऐवजी यंत्रात उतरवायची सवय लागली. प्लेस्टेशन ४ मध्ये तर डिस्क असली तरी पूर्ण गेम आत घ्यावाच लागतो. त्या यंत्राची एक खोड सगळ्यांना छळायची. गेमचा २ जीबीचा अपडेट आला की यंत्र जवळपास अख्ख्या गेमएवढी मोकळी जागा मागायचं, कारण ते जुन्या गेमला हात न लावता शेजारी नवी प्रत तयार करायचं आणि ती पुरी झाल्यावरच जुनी पुसायचं. राहत्या घराची डागडुजी करायची म्हणून शेजारी तसंच दुसरं घर बांधावं, तसा हा कारभार. जागा खायचा, पण त्यात शहाणपण होतं: मध्येच लाईट गेली तरी जुनी प्रत शाबूत राहायची.

गेम इतके फुगले का, याचं एक कारण फार मजेदार आहे. प्लेस्टेशन ५ ची रचना करणाऱ्या मार्क सर्नी यांनी मार्च २०२० च्या व्याख्यानात ते सांगितलं. फिरत्या हार्ड डिस्कला माहिती शोधायला वेळ लागतो, म्हणून ‘स्पायडर-मॅन’ गेममध्ये रस्त्यावरच्या टपालपेटीसारख्या वस्तूंच्या चारशे-चारशे प्रती डिस्कवर पेरून ठेवल्या होत्या. शहराचा कुठलाही भाग उघडा, पेटी जवळच सापडावी. न फिरणारी एसएसडी आल्यावर या पेरणीची गरज उरली नाही. तो ८२५ चा विचित्र आकडाही तिथलाच: मेमरीशी बोलायला बारा मार्ग ठेवले आणि त्यांच्या हिशेबात तो आकडा आला.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि खेड्यापाड्यांत इंटरनेट पोचलं, पण दिवसाला ठरावीक मापाने. रोज दीड जीबीच्या पॅकवर १०० जीबीचा गेम उतरवायला ६७ दिवस लागतात, तेही मोबाइलवर दुसरं काहीच न बघता. तालुक्याच्या गावांत फायबर आलंय. वाशी किंवा लोहाऱ्याकडच्या वस्त्यांवर अजून मोबाइलच्याच हॉटस्पॉटवर भागवावं लागतं. म्हणून पुण्यात नोकरीला असलेली आमच्याकडची पोरं दिवाळीला येताना कन्सोल बॅगेत घालून तिथून ‘भरून’ आणतात. लक्ष्मीपूजन झालं की भावंडं त्याभोवती जमतात. मला ही रीत फार आवडते.

म्हणूनच कंपन्या अर्धी डिस्क विकतात तेव्हा संताप येतो. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर ५’ची डिस्क २०१५ मध्ये आली, तिच्यावर होतं त्यापेक्षा पहिल्याच दिवसाचा अपडेट मोठा होता. ‘कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २’च्या २०२२ च्या प्लेस्टेशन ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी निघाले, बाकीचा गेम इंटरनेटवरून घ्या. निन्टेन्डो स्विच २ च्या काही कार्डांत तर फक्त किल्ली असते, गेम नसतोच. मुंबईतल्या माणसाला हा फरक जाणवतही नसेल. परांड्यातल्या माणसाने मात्र पैसे मोजून रिकामा डबा घरी आणलेला असतो.

प्रणालीचा अपडेट ही वेगळी गोष्ट आणि तिच्याबद्दल आपल्याकडे भीती आहे. तिला कारण घडलंय. पूर्वी ‘चिप’ बसवलेली आणि जेलब्रेक केलेली यंत्रं पार्लरमध्ये चालायची, ती अपडेट केली की नकली गेम बंद. त्यामुळे ‘अपडेट मारू नको’ हा सल्ला तोंडातोंडी पसरला. एक्सबॉक्स ३६० मध्ये तर काही अपडेट यंत्राच्या प्रोसेसरमधले बारीक फ्यूज कायमचे जाळायचे, म्हणजे मागच्या आवृत्तीवर परत जायची वाटच बंद. पण ज्याचं यंत्र आणि गेम अस्सल आहेत, त्याला भ्यायचं कारण नाही. उलट सप्टेंबर २०२१ च्या प्लेस्टेशन ४ च्या ९.०० अपडेटने मोठं संकट टाळलं. त्या यंत्रात वेळ सांभाळणारा एक सेल असतो. तो संपला आणि सोनीचा सर्व्हरही कधी बंद झाला, तर विकत घेतलेले गेमसुद्धा चालेनात, असा दोष त्यात होता. तो या अपडेटने काढला.

साठवणीचं आयुष्य हा माझा आणखी एक आवडीचा धागा. आमच्या जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर. तिथल्या संग्रहालयाचं मूळ रामलिंगप्पा लामतुरे यांच्या खाजगी संग्रहात आहे. पांढरीच्या मातीतून निघालेली खापरं, मणी, मृण्मूर्ती त्यांनी जपल्या, म्हणून तिथली हस्तिदंती बाहुली आज पॉम्पेईच्या बाहुलीशेजारी अभ्यासली जाते. तिथे गेलो की माझ्या डोक्यात हमखास कॅसेटी येतात. मारिओच्या कॅसेटमधली चिप कारखान्यातच कायमची कोरलेली. ती वीज न देता दशकानुदशकं टिकते. झेल्डाच्या कॅसेटमधला सेल पंधरा-वीस वर्षांत मरतो आणि त्याच्याबरोबर खेळणाऱ्याची प्रगती पुसली जाते. आजची एसएसडी वर्षानुवर्षं बिनविजेची पडली तर तिच्यातला मजकूर हळूहळू गळतो. आणि जो गेम फक्त दुकानाच्या सर्व्हरवर आहे, त्याचं आयुष्य दुकानाएवढंच. निन्टेन्डोच्या वी यू आणि थ्रीडीएसची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद झाली, एक्सबॉक्स ३६० चं जुलै २०२४ मध्ये.

या दिवाळीत कुणी घरी कन्सोल आणणार असेल, तर माझं सांगणं स्पष्ट आहे. आपल्या जिल्ह्यात डिस्कचं यंत्रच घ्या, थोडे पैसे वाचवायला डिजिटल घेऊ नका. जागा संपली की प्लेस्टेशन ५ ला आतून एम.२ जातीची एसएसडी बसते. ही सोय २०२१ च्या एका अपडेटने खुली झाली. बाहेरच्या यूएसबी डिस्कवर प्लेस्टेशन ५ चे गेम ठेवता येतात, पण तिथून चालत नाहीत. प्लेस्टेशन ४ चे मात्र चालतात. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ आणि ‘इको’ असं बटण असेल, तर ते ‘यूपीएस’वर ठेवा, नाहीतर लाईट जाताक्षणी यंत्र दचकून बंद पडतं.

प्लेस्टेशन ५ च्या प्रणालीचा अपडेट यंत्राला इंटरनेट न जोडताही होतो, हे दुकानदारसुद्धा सांगत नाहीत. त्याची फाइल साधारण एक जीबीच्या आसपास असते, म्हणजे एका दिवसाच्या पॅकमध्ये उतरते. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, त्यात ‘पीएस५’ नावाचं फोल्डर, त्याच्या आत ‘अपडेट’ नावाचं, त्यात ती फाइल. फोल्डरची नावं इंग्रजी मोठ्या अक्षरांत. यंत्र पूर्ण बंद करून बटण दुसरी पीप ऐकू येईपर्यंत दाबून धरा, कंट्रोलर वायरने जोडा आणि यादीतला अपडेटचा पर्याय निवडा. त्याच यादीत प्रणाली पुन्हा नव्याने टाकायचा पर्यायही आहे, तो अगदीच नाइलाज झाल्याशिवाय निवडू नका. त्याने सगळे गेम आणि सगळी प्रगती पुसली जाते.