टायमर वाजण्याआधीचं काम

अमेरिकेत 1996 साली सुरू झालेल्या आयडीपीए पिस्तूल स्पर्धेत कमी वेळ घेणारा जिंकतो. तरी स्पर्धक आधी रिकाम्या हाताने स्टेज फिरून बघतात: कुठल्या आडोशामागून कुठलं टार्गेट दिसेल, मॅगझिन कुठे बदलायचं. टायमर वाजला की आडोशाच्या कडेने सरकायचं, टार्गेट दिसेल तसं एकेक टिपायचं. आडोसा सोडून गोळी झाडली की 3 सेकंदांचा दंड!

मी पहिल्या दुकानाच्या वेळी ही फेरीच मारली नाही. सगळं भांडवल दिवाळीच्या मालात घातलं, उधारी अडकली आणि जानेवारीचं भाडं मित्राकडून घ्यावं लागलं. आता तीन महिन्यांचं भाडं आधी बाजूला काढतो, मगच माल भरतो. तो माझा आडोसा. तुमचा कोणता? आधी वहीत लिहा, मगच शटर उघडा.