खारीचा वाटा कोणी म्हणावा?

मारेगावात सत्काराचा कार्यक्रम असला की शाल-श्रीफळ घेतलेला माणूस माईकसमोर येऊन म्हणतोच, 'मी आपला खारीचा वाटा उचलला.' ऐकायला बरं वाटतं. पण हेच शब्द सूत्रसंचालकाच्या तोंडी आले, की 'अमुक भाऊंनीही खारीचा वाटा उचलला', तर भाऊंचं तोंड बघा! पाच हजारांची वर्गणी देऊन आपण खार ठरलो, हे कोणाला रुचेल? हा वाक्प्रचार स्वतःपुरता वापरायचा. दुसऱ्याला लावला की त्याचं देणं लहान होतं. वर्गात मी हे दरवर्षी सांगतो, तरी पत्रिकेच्या प्रूफात तो सापडतोच.

तो आला सेतूच्या गोष्टीतून. वानर शिळा वाहत होते आणि खार वाळूत लोळून अंगाला चिकटलेले कण सेतूवर झटकत होती. रामाने पाठीवरून हात फिरवला, बोटं उमटली. वाल्मीकि रामायणात ही खार नाही. ती लोकांनी आणली, आणि छान आणली.

गोष्टीतल्या खारीला तीन पट्टे. आमच्याकडची पाच पट्ट्यांची: पाठीवर तीन ठळक, कुशींवर दोन फिकट. शास्त्रीय नाव फुनाम्बुलस पेनन्टी. त्यातल्या फुनाम्बुलसचा अर्थ दोरीवरून चालणारा. विजेच्या तारेवरून शेपटी तोलत पळणारी खार पाहिली की नाव पटतं.

इथली खार कापसावर पोसलेली म्हणावी लागेल. खाण्यासाठी नव्हे, घरट्यासाठी. वेचलेला कापूस घरात गंजी लावून ठेवला की ती तोंडात बोंडाएवढा पुंजका धरून कवेलूंच्या फटीत शिरते. पुन्हा येते, पुन्हा नेते. गादीची शिवण उसवलेली दिसली तर तिथूनही. आमची आई तिला 'चोट्टी' म्हणायची, पण घरट्याला हात लावू द्यायची नाही.

राज्यप्राणी शेकरूही खारच, पण मोठी आणि दाट झाडीत राहणारी. गावातल्या कडुनिंबावर ती दिसायची नाही.

लोणच्याचा खार मात्र वेगळा, तो क्षारापासून आलेला. खिशाला लागतो तो खारही प्राणी नव्हे, आणि मनात डूख धरणारा खातो तोही नव्हे. 'खार खाणे' वाक्यात वापरा, असं विचारलं तेव्हा एका पोट्ट्याने लिहिलं होतं: 'आमच्या गावात कोणी खार खात नाही.' व्याकरण चोख होतं. अर्धा गुण दिला.