शाळेच्या फाटकापासून ५० मीटर: जंक फूडचा नियम

दुपारी शाळेत पीएम पोषणचे जेवण असते. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी त्यात ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने हवीत. फाटकाबाहेर चिप्सचे पाकीट मिळाले की ते ताट अर्धे राहू शकते.

म्हणून एफएसएसएआयच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. तिथे त्यांची जाहिरातही चालत नाही. हा नियम देशभर आहे, जबलपूरमध्येही.

तुमचीच हातगाडी फाटकाजवळ लागत असेल तर? या नियमात बंदी पदार्थांवर आहे, धंद्यावर नाही. फुटाणे, केळी, पेरू विकायला या नियमाची आडकाठी नाही.

५० मीटरपुढे मात्र हा नियम संपतो. तिथल्या दुकानदाराला तो लागू नाही. बंदी आणखी वाढवावी का, हा वाद तिथूनच सुरू होतो. पण आधी फाटकाजवळचा नियम तरी पाळला जावा.

तक्रार प्रथम मुख्याध्यापकांकडे करा. दाद लागली नाही, तर जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांकडे जा. मध्य प्रदेशात पाटीवर ‘खाद्य सुरक्षा अधिकारी’ असे लिहिलेले असते.