एका रिसेप्टरचा शेजार

जनावर कापल्यापासून दहा मिनिटांच्या आत त्याचा मेंदू हाती यायला हवा, ही पहिली अट. मग त्यातला हिपोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी निगडित असलेला भाग, जपून वेगळा काढायचा, लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवायचा आणि उणे 70 अंशांवर ठेवून द्यायचा. उशीर झाला तर पेशींमधलेच एन्झाइम तिथली प्रथिनं तोडायला लागतात आणि अभ्यासायला काही उरत नाही. हैदराबादच्या सीसीएमबीत, म्हणजे पेशी आणि रेणूजीवशास्त्र केंद्रात, सेरोटोनिनच्या रिसेप्टरवर, म्हणजे या रसायनाचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनावर, जे काम झालं त्यातल्या बऱ्याच प्रयोगांची सुरुवात अशी स्थानिक कत्तलखान्यात व्हायची. दिवाळी अंकात हे वाचायला बरं वाटणार नाही. पण जीवरसायनशास्त्रातलं मूलभूत संशोधन कुठून सुरू होतं हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला हैदराबाद परकं नाही. 1956 पर्यंत औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड हे सगळं हैदराबाद राज्यातच होतं. उच्च शिक्षणासाठी उस्मानिया विद्यापीठ आणि मराठी बोलायला सुलतान बाजार, असा त्या पिढीचा हिशेब. त्याच उस्मानियाच्या परिसरापासून जवळ, हबसीगुड्याला, सीसीएमबी आहे. आधी शेजारच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेतला जीवरसायन विभाग, मग 1977 मध्ये त्यातून वेगळं केंद्र, आणि नोव्हेंबर 1987 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते राष्ट्रार्पण. हे उभं केलं पुष्प मित्र भार्गव यांनी. भार्गव सडेतोड बोलणारे, सरकारशी भांडणारे. 2015 मध्ये त्यांनी पद्मभूषण परत केलं होतं. असे संचालक आता दुर्मिळ झालेत.

या केंद्रात अमिताभ चट्टोपाध्याय यांनी एका रिसेप्टरवर तीसेक वर्षं काम केलं. आयआयटी कानपूर, मग अमेरिकेत स्टोनी ब्रुकला अर्विन लंडन यांच्याकडे पीएचडी. तिथं 1987 मध्ये या दोघांनी ‘पॅरॅलॅक्स पद्धत’ मांडली. पेशीपटल, म्हणजे पेशीभोवतीचं आवरण, जेमतेम 5 नॅनोमीटर जाड. त्यात एखादा रेणू किती खोल रुतून बसला आहे हे कसं मोजायचं? त्यांनी त्या रेणूला चमकणारा रंग लावला. मग ती चमक विझवणारे रेणू पटलात दोन ठरावीक खोल्यांवर बसवले आणि कुठल्या खोलीवरून चमक किती मंदावते याची तुलना केली. त्या गुणोत्तरातून खोली काढता येते. पुढे कॅलिफोर्नियात, डेव्हिसला, मार्क मॅकनॅमी यांच्याकडे त्यांनी हीच पद्धत विजेचा झटका देणाऱ्या टॉर्पेडो माशाच्या ॲसिटिलकोलिन रिसेप्टरवर वापरली. त्या रिसेप्टरला काम करायला पटलात कोलेस्टेरॉल लागतं, हे तेव्हा नुकतं दिसू लागलं होतं. हैदराबादच्या पुढच्या कामाचं मूळ मला या माशात दिसतं.

कोलेस्टेरॉलशी आपली ओळख होते ती लिपिड प्रोफाइलच्या रिपोर्टमधून, तेही लाल अक्षरात. पण शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे 2 टक्के आणि शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी 20 ते 25 टक्के मात्र मेंदूत. आणि हे रक्तातून येत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यातली सीमा त्याला पलीकडे जाऊ देत नाही. मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतः तयार करतो, जपतो. एवढा खटाटोप उगाच होत नसतो.

आता सेरोटोनिन. क्लीव्हलंडमध्ये 1948 मध्ये मॉरिस रॅपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते रक्तातून वेगळं केलं, रक्तवाहिन्या आकुंचित करणारा पदार्थ म्हणून. ते मेंदूतही आहे हे दाखवलं बेट्टी ट्वॅरॉग या तरुण संशोधिकेनं, 1953 च्या सुमारास. आज आपण त्याला मनःस्थितीशी, झोपेशी, भुकेशी जोडतो. वर्तमानपत्रं तर सरळ ‘आनंदाचं रसायन’ म्हणतात, जे मला अजिबात पटत नाही. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं, आणि तिथं ते आनंदासाठी ठेवलेलं नाही.

चेतापेशीतून बाहेर पडलेलं सेरोटोनिन पुढच्या पेशीच्या पटलातल्या रिसेप्टरला चिकटतं. त्याचे चौदा-पंधरा प्रकार आहेत. त्यातला 1ए हा बराच अभ्यासलेला. त्याचं जनुक सापडलं तेही गमतीनं. ड्यूक विद्यापीठात 1987 मध्ये ब्रायन कोबिल्का आणि सहकारी ॲड्रिनॅलिनच्या रिसेप्टरचे भाईबंद शोधत होते. एक अनोळखी जनुक हाती लागलं, त्याला जी-21 असं नाव दिलं. हा सेरोटोनिनचा 1ए रिसेप्टर आहे हे 1988 मध्ये कळलं. माणसात तो 422 अमिनो आम्लांची साखळी आहे आणि ही साखळी पेशीपटलातून सात वेळा आरपार जाते. बाहेरून सेरोटोनिन चिकटलं की आतल्या बाजूला जी-प्रथिनाला इशारा जातो, ते ॲडिनिलिल सायक्लेज या एन्झाइमला आवर घालतं, पेशीतला सायक्लिक एएमपी उतरतो, पोटॅशियमचे मार्ग उघडतात आणि चेतापेशी शांत होते. चिंतेवर दिलं जाणारं बस्पिरोन हे औषध याच रिसेप्टरवर काम करतं. अशा सात वळशांच्या रिसेप्टरांचं कुटुंब माणसात सुमारे आठशेंचं, आणि बाजारातल्या औषधांपैकी सुमारे तिसरा हिस्सा त्यांच्यावर चालतो. कोबिल्का आणि त्यांचे गुरू रॉबर्ट लेफकोविट्झ यांना 2012 चं नोबेल मिळालं ते याच कुटुंबासाठी.

या सगळ्या वर्णनात पेशीपटल म्हणजे नुसती पार्श्वभूमी. प्रथिन महत्त्वाचं, भोवतालची चरबी भरताड. चट्टोपाध्यायांच्या गटानं विचारलं: या प्रथिनाच्या शेजारी कोण राहतं, यानं काही फरक पडतो का?

1990 च्या दशकात त्यांनी रिसेप्टर पटलातून सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यासाठी ‘चॅप्स’ नावाचं सौम्य डिटर्जंट वापरलं. रिसेप्टर सुटा झाला, पण त्याची पकड ढिली झाली. डिटर्जंटबरोबर कोलेस्टेरॉलही निघून गेलं होतं. मग उलट बाजूनं परीक्षा. थॉमस पुकाडिल या विद्यार्थ्याबरोबर 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात रिसेप्टर पटलातच ठेवला आणि सायक्लोडेक्स्ट्रिन हा साखरेच्या कड्यांचा रेणू वापरून फक्त कोलेस्टेरॉल ओढून काढलं. सेरोटोनिनसारखं वागणारं, किरणोत्सारी खूण लावलेलं औषध किती चिकटतं हे मोजलं. कोलेस्टेरॉल कमी, तसं चिकटणं कमी. कोलेस्टेरॉल परत घातलं, पकड बऱ्यापैकी परत आली.

इथं बहुतेक लोक थांबले असते. पेपर झाला, निष्कर्ष झाला. पण संशयी माणूस म्हणेल, कोलेस्टेरॉल काढल्यावर पटल पातळ झालं असेल, त्यात रिसेप्टर सैलावला असेल. कोलेस्टेरॉलचं वैशिष्ट्य काय त्यात? या शंकेचं उत्तर द्यायला पुढची कित्येक वर्षं गेली, आणि मला त्यांच्या कारकिर्दीतला हाच भाग सर्वांत देखणा वाटतो.

स्मिथ-लेमली-ओपिट्झ नावाचा एक आनुवंशिक आजार आहे, 1964 मध्ये वर्णन झालेला. त्यात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या साखळीतलं शेवटच्या टप्प्यातलं एन्झाइम बिघडलेलं असतं. परिणामी शरीरात कोलेस्टेरॉलऐवजी 7-डीहायड्रोकोलेस्टेरॉल साठतं. दोन्ही रेणूंत फरक एका दुहेरी बंधाचा. पण अशी मुलं जन्मजात व्यंगं आणि बौद्धिक अडचणी घेऊन येतात. हैदराबादच्या गटानं कोलेस्टेरॉलच्या जागी हा जवळजवळ जुळा रेणू पटलात घातला. रिसेप्टरनं दाद दिली नाही. पटलाचा सैलपणा हेच कारण असतं तर तो फसला असता.

2014 मध्ये आणखी बारीक चाळणी लावली. कोलेस्टेरॉलची आरशातली प्रतिमा रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत बनवू शकतात. तसाच एक ‘एपि-कोलेस्टेरॉल’ असतो, ज्यात फक्त एक हायड्रॉक्सिल गट उलट दिशेला वळलेला. आरशातला रेणू चालला. एपि मात्र चालला नाही. मला आधी उलटच वाटलं असतं. सगळा रेणू उलटा केला तरी रिसेप्टर चालवून घेतो आणि एक टोक वळवलं की नाही म्हणतो.

मग प्रश्न आला, कोलेस्टेरॉल नेमकं चिकटतं कुठे? इथं पुणं येतं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या दुर्बा सेनगुप्ता यांनी चट्टोपाध्यायांबरोबर 2012 मध्ये संगणकावर रिसेप्टर आणि पटल यांची हालचाल चालवून पाहिली. कोलेस्टेरॉल एका जागी ठाण मांडून बसत नाही, येतं-जातं. पण पटलातून जाणाऱ्या पाचव्या वळशापाशी ते जास्त रेंगाळतं. शेवटी 2021 मध्ये हैदराबादच्या गटानं एकेक अमिनो आम्ल बदलून पाहिलं आणि दुसऱ्या वळशातल्या 101 क्रमांकाच्या लायसिनवर बोट ठेवलं. 422 पैकी ते एक बदललं की भोवतीचं कोलेस्टेरॉल कमी झाल्याचं रिसेप्टरला कळेनासं होतं. त्याच वर्षी चीनमधल्या एच. एरिक शू यांच्या गटानं गोठवलेल्या नमुन्यांचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं चित्र काढून ‘नेचर’मध्ये छापलं. 1ए रिसेप्टरला खेटून कोलेस्टेरॉलचे रेणू उभे, आणि औषध बसतं त्या खोबणीचा आकार घडवण्यात त्यांचा हात. जे हैदराबादला वर्षानुवर्षं आकड्यांतून सांगितलं जात होतं, ते आता नुसतं बघता येत होतं.

पुकाडिल यांचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं, कारण ते आता आपल्याकडे आहेत. अमेरिकेत सँड्रा श्मिड यांच्याकडे ते डायनॅमिन या एन्झाइमकडे वळले. चेतापेशी एक संदेश सोडते तेव्हा रसायनाच्या पिशव्या पटलात मिसळून रिकाम्या होतात. त्या परत घडवायच्या तर पटल आत ओढून त्याची मान तोडावी लागते, आणि ते काम डायनॅमिन करतं. ज्या फळमाश्यांत हे प्रथिन सदोष असतं त्या थोडं तापमान वाढवलं की लुळ्या पडतात. संदेश देऊन झाला, पिशव्या संपल्या. या माश्यांवर मुंबईच्या टीआयएफआरमध्ये के. एस. कृष्णन यांनीही महत्त्वाचं काम केलं होतं. पुकाडिल पुण्याच्या आयसरमध्ये काचेवर पटलाच्या बारीक नळ्या ओढतात आणि डायनॅमिन त्या कशा तोडतं हे सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहतात. 2018 चं भटनागर पारितोषिक त्यांना मिळालं. हैदराबादला पटलाकडे बघायची जी नजर मिळाली, तीच इथं एन्झाइमवर रोखली आहे.

चट्टोपाध्यायांच्या गटाचं आणखी एक काम आडवळणाचं आहे. काळा आजाराचा परजीवी लीशमॅनिया आपल्या भक्षक पेशींत शिरतो तेव्हा त्यालाही पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल लागतं, हे त्यांनी दिल्लीच्या जेएनयूतल्या रेंटला मधुबाला यांच्याबरोबर दाखवलं.

2010 मध्ये या गटानं स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधांच्या वर्गातल्या एका द्रव्यानं पेशींमधलं कोलेस्टेरॉल दीर्घकाळ कमी ठेवलं, तेव्हा 1ए रिसेप्टरचं काम मंदावलेलं दिसलं. असे निकाल आले की व्हॉट्सॲपवर ‘स्टॅटिनमुळे नैराश्य’ फिरायला वेळ लागत नाही. तो प्रयोग बशीत वाढवलेल्या, चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशींवर होता. वापरलेलं मेव्हास्टॅटिन हे डॉक्टर लिहून देतात ती गोळी नव्हे. आणि वर सांगितल्याप्रमाणे मेंदू आपलं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी रात्रीची गोळी बंद करू नये. शंका असेल तर ती आपल्या डॉक्टरांना विचारावी.