एका पानातून उभा राहणारा कारोबार

फुलांचा धंदा म्हटला की आपल्याला गजरे, हार आणि लग्नाची सजावट आठवते. सकाळी भरलेला माल संध्याकाळपर्यंत विकला नाही तर भांडवल मातीत जाते. कुंडीसकट विकले जाणारे फूल मात्र आठवडाभर थांबू शकते. आफ्रिकन व्हायोलेट हे त्यातले नावाजलेले रोप.

वीतभर उंचीचे, बारमाही हिरवे असे हे रोप मूळचे टांझानियातील उसांबारा डोंगरातले. १८९२ च्या सुमारास वॉल्टर फॉन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्याने ते जर्मनीत वडिलांकडे पाठविले. पुढे युरोप-अमेरिकेच्या काचघरांत त्याच्या हजारो जाती तयार झाल्या. इकडे उसांबाराचे जंगल तुटत गेले आणि रानातली रोपे धोक्यात आली. माल एकाचा, नफा दुसऱ्याचा. कापसाच्या इतिहासात आपण हे पाहिलेच आहे.

या धंद्याचे खरे भांडवल म्हणजे निरोगी पान. इंच-दीड इंच देठ ठेवून पान कापावे आणि कोकोपीट-परलाइटच्या ओलसर मिश्रणात खोचावे. महिनाभरात मुळे फुटतात, दोन-तीन महिन्यांत बुडाशी पिल्ले येतात. एका पानापासून अनेक रोपे मिळतात. फूल यायला मात्र सहा ते नऊ महिने लागतात, तेवढा सब्र हवा.

रोप नाजूक आहे. त्याला १८ ते २४ अंश तापमान आणि चटका न देणारा उजेड लागतो. पानांवर गार पाणी पडले की डाग पडतात, कुंडीत पाणी साचले की गाभा सडतो. काचघर हे थंड मुलखात ऊब राखण्यासाठी असते. आपल्या उन्हाळ्यात त्याची भट्टी होते. तिथे सावलीची जाळी आणि खेळती हवा हवीच. म्हणून काचेवर पैसा घालण्याआधी उत्तरेच्या खिडकीत दहा पाने लावून एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढून पाहावा.

आणखी एक गोष्ट. नव्या जातींवर त्या तयार करणाऱ्याचा हक्क असू शकतो. अमेरिकेत १९३० पासून कलमाने वाढणाऱ्या जातींना पेटंट मिळते. पान खिशात घालणे सोपे आहे. पण दुसऱ्याचे डिझाइन चोरून छापणाऱ्याला कापडबाजारात आपण काय म्हणतो? रोप घेताना जातीचे नाव आणि वाढवून विकण्याची मुभा विचारून घ्यावी, किंवा मुदत संपलेल्या जुन्या जातींपासून सुरुवात करावी. कमाई थोडी असली तरी हलाल असावी. बरकत तिच्यातच आहे.